डाव पुरा केव्हा होतो?

बडोद्याच्या कारेलीबागेतील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. मे महिन्याची दुपार आहे. बाहेर ऊन रणरणते आहे, बहुचराजीच्या देवळाकडे जाणारा रस्ता ओस पडला आहे, आणि आत दोन भावंडे पडद्यासमोर बसून खेळत आहेत. खेळ जुनाच, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. थोरला एकाएकी ओरडतो, ‘‘संपवला! अर्ध्या तासाच्या आत संपवला!’’ धाकटा तितक्याच तावातावाने म्हणतो, ‘‘दादा, याला संपवणं म्हणत नाहीत. तू मधल्या लेव्हल गाळल्यास. मी बत्तीसच्या बत्तीस केल्या, तेव्हा कुठं माझा गेम पुरा झाला.’’ थोरला विचारतो, ‘‘राजकन्या सुटली ना? मग झालं तर!’’ वाद वाढत जातो आणि निवाड्यासाठी दोघेही आजोबांकडे धाव घेतात.

आजोबांनी काय सांगावे? वरवर पाहता हा पोरांचा तंटा आहे. परंतु त्यात दडलेला प्रश्न पोरकट नाही. एखादी गोष्ट संपली असे केव्हा म्हणावे आणि ती पुरी झाली असे केव्हा म्हणावे, हा तो प्रश्न होय. मराठीत ही दोन क्रियापदे निराळी आहेत, आणि ती उगीच निराळी नाहीत. पोथीचे शेवटचे पान उलटले की वाचन संपते. पारायण मात्र ठरल्या नेमाने, ठरल्या दिवसांत झाले तरच पुरे होते. व्रताचे दिवस भरले तरी उद्यापन झाल्यावाचून व्रत पुरे झाले असे कोणी मानीत नाही. शाळेत अभ्यासक्रम दरवर्षी वेळेवर संपतो. तो पुरा झाला की नाही, हे परीक्षकापेक्षा विद्यार्थ्याला स्वतःलाच अधिक ठाऊक असते. व्हिडिओ गेम हे साधन नवे असले तरी त्यासंबंधीचा हा वाद जुन्याच घराण्यातला आहे.

तो समजून घेण्यासाठी बडोद्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. आज ज्याला आपण कबड्डी म्हणतो तो हुतूतू पूर्वी तीन प्रकारांनी खेळला जात असे. ‘संजीवनी’ प्रकारात आपल्या बाजूने प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला मेलेला गडी जिवंत होऊन मैदानात परत येई. ‘गनिमी’ प्रकारात मेलेला गडी बाहेरच बसे आणि एका बाजूचे सर्व गडी मरेपर्यंत खेळ चाले. सर्व गडी मारले म्हणजे एक ‘लोण’ होई, आणि ठरलेली लोणे चढविणारी बाजू जिंके. तिसरा प्रकार ‘अमर’. त्यात गडी मेला तरी बाहेर जात नसे, फक्त गुण मोजले जात. नाव एकच, मैदानही एकच. परंतु शेवट तीन. अमर हुतूतूला सरावलेला संघ गनिमी खेळणाऱ्यांच्या गावी गेला, तर डाव संपला की नाही यावरच हमरीतुमरी व्हावयाची.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी देशी खेळांचे नियम लिहून काढण्याची निकड भासू लागली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापले आणि त्यांनुसार सामनेही भरविले. नियम छापणे म्हणजे केवळ शिस्त लावणे नव्हे. डाव कशाने पुरा झाला असे मानावयाचे, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच सर्वांनी मान्य करणे, हा त्यातला खरा भाग. आजची कबड्डी संजीवनी पद्धतीवर आणि घड्याळावर चालते, याचा अर्थ इतर दोन पद्धती खोट्या होत्या असा नाही. अनेक पद्धतींतून एक करार निवडला गेला, इतकाच त्याचा अर्थ.

पडद्यावरच्या खेळात पंच नसतो. यंत्र हाच पंच. परंतु या पंचाला खेळ केव्हा थांबवावयाचा एवढेच कळते. पुरा झाला की नाही, हे त्याला विचारून उपयोग नाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे भावंडांच्या भांडणातला मारिओच. निन्टेंडो या जपानी कंपनीने हा खेळ १९८५ साली बाजारात आणला. त्यात आठ ‘वर्ल्ड’ आहेत आणि प्रत्येकात चार, अशा एकंदर बत्तीस लेव्हल आहेत. मात्र काही ठिकाणी गुप्त वाटा ठेवलेल्या आहेत. त्या ज्याला ठाऊक आहेत तो पहिल्या वर्ल्डमधून एकदम चौथ्यात आणि चौथ्यातून एकदम आठव्यात जातो. अशा रीतीने बत्तीसांपैकी अवघ्या आठ लेव्हल खेळून राजकन्येची सुटका करता येते. या विद्येत पारंगत झालेले खेळाडू तर पाच मिनिटे पुरी होण्याच्या आतच शेवट गाठतात. या वाटा कोणी चोरून पाडलेल्या नाहीत. खेळ रचणाऱ्यांनीच त्या ठेविल्या आहेत. तेव्हा थोरल्याने लबाडी केली असे म्हणता येत नाही.

धाकट्याचे म्हणणेही तितकेच सबळ आहे. ज्याने चोवीस लेव्हल पाहिल्याच नाहीत, त्याला त्या खेळातले पाण्याखालचे पोहणे, उडत्या माशांचे पूल, हातोडे फेकणारी जोडगोळी यांतले बरेचसे भेटलेलेच नसते. जगभरच्या वेगवान खेळाडूंनी या पेचातून सरळ मार्ग काढला आहे. ‘कोणत्याही वाटेने शेवट गाठणे’ आणि ‘एकही लेव्हल न गाळता शेवट गाठणे’ अशा दोन स्वतंत्र शर्यती त्यांनी मानल्या असून त्यांचे विक्रमही स्वतंत्र नोंदले जातात. बडोद्याच्या जिमखान्याने छापील नियमांनी जे साधले, तेच येथे निराळ्या मार्गाने साधले गेले. शिवाय मारिओचा खेळ स्वतःच एक गंमत करतो. राजकन्या सुटल्यावर तो खेळाडूला पुन्हा पहिल्यापासून, अधिक कठीण फेरी खेळण्याचे आमंत्रण देतो. म्हणजे शेवट झाला असे सांगणारा खेळच आणखी काही शिल्लक असल्याचेही सुचवितो.

त्याच वर्षी कॅपकॉम या कंपनीने काढलेला ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ हा खेळ तर याहून निष्ठुर. अतिशय बिकट असा हा प्रवास पुरा करून खेळाडू शेवटास पोहोचला की त्याला सांगण्यात येते, हा सारा सैतानाने रचलेला भास होता. आता परत प्रारंभापासून चला. दुसऱ्यांदा सर्व संकटे पार केल्यानंतरच खरा शेवट पाहावयास मिळतो. पहिल्या शेवटाला समाधानाने उठून गेलेल्या खेळाडूने खेळ संपविला म्हणावे काय? त्याच्या घरच्यांना तो संपल्यासारखा वाटला. खेळाच्या लेखी तो निम्म्यावर होता.

याच्या उलट काही खेळांना रचणाऱ्यांनी शेवटच ठेवलेला नसतो, आणि तो यंत्राच्या दुबळेपणातून आपोआप निर्माण होतो. १९८० साली जपानात निघालेला ‘पॅकमॅन’ हा त्यांपैकी एक. चक्रव्यूहात फिरून ठिपके खाणारा हा पिवळा गोळा एक पातळी संपली की दुसरीत जातो, आणि हे अखंड चालावे अशी योजना होती. परंतु पातळीचा आकडा ठेवण्यासाठी यंत्रात जेवढी जागा दिली होती, तीत २५६ निरनिराळे आकडेच मावत. त्यामुळे २५६ व्या पातळीवर हिशेब चुकतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे व चिन्हे यांच्या गोंधळाने भरून जातो. पातळी ओलांडण्यासाठी २४४ ठिपके खावे लागतात. पण गोंधळामुळे तितके ठिपके तेथे उरतच नाहीत. खेळाडू तेथे थांबतो. मग कसबी खेळाडूंनी ‘पुरा’ या शब्दाचा स्वतःच नवा अर्थ केला. आधीच्या २५५ पातळ्यांत एकही जीव न गमावता प्रत्येक ठिपका, प्रत्येक फळ आणि प्रत्येक संधीला चारही भुते खावयाची, व शेवटच्या मोडक्या पातळीवर मिळतील तेवढे ठिपके टिपावयाचे. असे केले असता ३३,३३,३६० गुण होतात. त्याहून अधिक होणे शक्य नाही. येथे पूर्णता खेळ रचणाऱ्याने दिलेली नाही. खेळाडूंनी ती गणिताने शोधून काढली आहे.

‘टेट्रिस’ची कथा याहून रंजक आहे. अलेक्सेई पाजितनोव याने १९८४ साली मॉस्कोत हा खेळ तयार केला. वरून पडणारे तुकडे नीट बसवीत जावयाचे, आणि एक ना एक दिवस हार पत्करावयाची; जिंकणे असे त्यात नाहीच. त्याच्या १९८९ सालच्या निन्टेंडो आवृत्तीत २९ व्या पातळीवर तुकडे इतक्या वेगाने पडतात की, ती मनुष्याच्या हाताची मर्यादा आहे असे वर्षानुवर्षे समजले जाई. पुढे बटणे दाबण्याच्या नव्या रीती निघाल्या आणि ती मर्यादा मागे पडली. २१ डिसेंबर २०२३ रोजी विलिस गिब्सन या तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने खेळ १५७ व्या पातळीपर्यंत नेला, आणि तेथे खेळच गोठून बंद पडला. माणूस हरावयाच्या आधी यंत्र हरले. मग कोणी म्हणाले, आता टेट्रिस पुरा झाला. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये, खेळ बंद पडणार नाही अशी दुरुस्ती केलेल्या आवृत्तीवर मायकेल आर्टियागा हा खेळाडू २५५ व्या पातळीच्याही पलीकडे गेला. तेथे पातळीचा आकडा पुन्हा शून्यावर आला आणि खेळ आरंभापासून सुरू झाला. खेळाडूंनी या घटनेला दिलेले नाव ‘पुनर्जन्म’ या अर्थाचेच आहे.

तिसरा पंथ संग्राहकांचा. २००५ साली एक्सबॉक्स ३६० या यंत्राबरोबर आणि २००८ पासून प्लेस्टेशनवरही खेळाडूच्या पराक्रमांची जंत्री ठेवण्याची प्रथा रूढ झाली. अमुक शत्रू मारला, अमुक गुहा धुंडाळली, अमुक वस्तू मिळविली, की एक पदक जमा. सगळी पदके मिळाली म्हणजे शंभर टक्के. शाळेतल्या टक्केवारीप्रमाणे याही टक्केवारीचे एक वेड असते. २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या खेळात ९०० बिया लपविलेल्या आहेत. कथेचा शेवट गाठण्यासाठी त्या सर्वांची जरूर नाही. परंतु चिकाटीचे खेळाडू महिनोन्‌महिने डोंगर-दऱ्या पालथ्या घालून त्या जमवितात. नऊशेवी बी हाती आल्यावर बक्षीस म्हणून मिळते ती एक उघड चेष्टेची, कशाच्याही उपयोगी नसलेली सोनेरी वस्तू! खेळ रचणाऱ्यांनी जणू हळूच कानात सांगितले आहे की, बाबा रे, सर्व गोळा करणे म्हणजे पुरे करणे नव्हे.

येथे प्रामाणिकपणाचाही प्रश्न उपस्थित होतो. परीक्षेसाठी गाईडे असतात तशी खेळांसाठीही असतात. ती समोर ठेवून पावलावर पाऊल टाकीत शेवट गाठता येतो. काही खेळांत गुप्त आकडा दाबला की मरणच येत नाही. नाणी टाकून खेळावयाच्या यंत्रांवर खिशात पैसे असेपर्यंत पुन्हा पुन्हा जीव विकत घेता येतो. म्हणून जपानातील खेळाडू एका नाण्यात शेवट गाठण्यालाच मान देतात. गाईड वापरणे हा गुन्हा नाही. अडलेल्या मुलाने थोरल्या भावाला विचारावे यात वावगे ते काय? खोटेपणा येतो तो सांगताना. गाईड उघडून संपविलेला खेळ आपल्या बळावर संपविला असे सांगितले, की खेळ जिंकूनही काहीतरी हरले जाते. ‘कोणत्या नियमाने पुरा केला’ हे ज्याला सरळ सांगता येते त्याची पूर्णता खरी, मग नियम सोपा असो की अवघड.

आपल्याकडच्या एका जुन्या खेळाने तर शेवटचे घर आणि ध्येयाचे घर यांची फारकतच करून ठेवली आहे. सापशिडी म्हणून आज मुले जो खेळ खेळतात, त्याचे मूळ आपल्या मोक्षपटात किंवा ज्ञानचौपटात आहे. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचिला अशी परंपरा महाराष्ट्रात सांगितली जाते. या पटांचे घरांच्या संख्येवरून अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ७२ घरांच्या एका प्रकारात सोंगटी शेवटच्या घरात नेणे हे ध्येयच नव्हे. ध्येय आहे ६८ वे घर. तेथे नेमके थांबता आले पाहिजे. ते ओलांडून जो ७२ व्या घरापर्यंत जातो त्याला तेथे साप गिळतो आणि खाली पृथ्वीच्या घरात आणून सोडतो. पुन्हा चाल सुरू. पट रचणाऱ्याला माणसाच्या स्वभावाची चांगलीच ओळख असली पाहिजे. पुढे जाता येते म्हणून पुढे जात राहणे आणि योग्य घरी थांबणे, यांत त्याने दुसऱ्याला मोक्ष म्हटले आहे.

याच विचाराशी मिळताजुळता एक अगदी अलीकडचा खेळ आहे. योको तारो या जपानी रचनाकाराचा ‘नीअर ऑटोमाटा’ हा खेळ २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याला लहान-मोठे सव्वीस शेवट आहेत. त्यांतील खऱ्या अखेरच्या शेवटी एक जवळजवळ अशक्य लढाई असते, आणि तीत जगभरच्या अनोळखी खेळाडूंची मदत धावून येते. ती लढाई जिंकल्यावर खेळ विचारतो, तुम्हीही असेच दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाच्या मदतीला जाल काय? मात्र त्यासाठी तुमच्या खेळाची सारी जतन केलेली नोंद पुसली जाईल. कित्येक तासांची कमाई, शस्त्रे, पदोपदी मिळविलेली प्रगती, सर्व. जो ‘होय’ म्हणतो त्याच्यापाशी शेवटी दाखविण्यासारखे काहीच उरत नाही. आणि तरीही हाच खेळ खऱ्या अर्थाने पुरा झाला असे अनेक खेळाडू मानतात.

इतका विचार केल्यावर प्रश्नाची दुसरी आणि अधिक गंभीर बाजू दिसू लागते. मारिओला निदान राजकन्या तरी होती. आजची पुष्कळशी मुले मोबाइलवर जे खेळ खेळतात त्यांना शेवट असा नसतोच. एक सामना अर्ध्या तासात संपतो, पण लगेच दुसरा सुरू होतो. ठरावीक महिन्यांनी हंगाम बदलतो आणि खेळाडूची श्रेणी खाली आणली जाते, म्हणजे चढण पुन्हा चढावी लागते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर ते गेले. ‘एवढा एक डाव संपवून येतो’ असे मुलगा जेवणाच्या ताटावरून सांगतो, ते खोटे नसते; डाव संपतोही. मात्र खेळ पुरा होत नाही, कारण तो होऊ नये अशीच त्याची रचना आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत खेळण्याशी संबंधित विकाराची नोंद आहे. फार थोड्या खेळाडूंना तो जडतो, आणि त्याच्या निदानासाठी साधारणपणे वर्षभराची लक्षणे पाहिली जातात. तेव्हा प्रत्येक खेळणाऱ्या मुलाला रोगी ठरविण्याचे कारण नाही. परंतु त्या व्याख्येत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खेळ सुरू करणे, किती वेळ खेळणे, आणि खेळ थांबविणे, यांवरचा ताबा सुटणे हे तिथे पहिले लक्षण मानले आहे. थांबता येणे ही आरोग्याची खूण आहे, असे वैद्यकशास्त्रही सांगते.

पूर्वी हे काम मुलांना करावेच लागत नसे. सूर्य करीत असे. विटीदांडूला शेवट नव्हता, लपंडावालाही नव्हता. तरी ते खेळ रोज पुरे होत, कारण दिवेलागण होई, आई हाक मारी, चेंडू दिसेनासा होई. पडदा मात्र अंधारात अधिकच उजळ दिसतो. यंत्राला दिवेलागण नाही. म्हणून आजच्या मुलावर एक असे काम येऊन पडले आहे, जे त्याच्या आजोबांवर कधी आले नव्हते: आपल्या खेळाची दिवेलागण आपणच करणे.

या ठिकाणी मराठी मैदानातल्या एका शब्दाची आठवण होते. आट्यापाट्यांच्या खेळात आडव्या पाट्या आखलेल्या असतात आणि प्रत्येक पाटीवर एक गडी वाट अडवून उभा असतो. त्या सर्वांना चुकवीत शेवटच्या पाटीपलीकडे पोहोचणे हे मोठे चापल्याचे काम. परंतु तेवढ्याने भागत नाही. पलीकडे गेलेल्या गड्याने त्याच अडवणुकीतून परत फिरून, एकेक पाटी ओलांडीत मूळ जागी यावयाचे असते. तो परत आला म्हणजे त्याने ‘लोण’ आणले असे म्हणतात. लोण म्हणजे मीठ. पलीकडे जाऊन तिथेच अडकला, तर पोहोचूनही त्याचे लोण झाले नाही.

आता कारेलीबागेतील त्या घरी परत जावयास हरकत नाही. आजोबांचा निवाडा असा असावा: ‘‘बाळांनो, तुमचा दोघांचाही डाव पुरा झाला. फक्त दोघांनी दोन डाव मांडले होते. थोरल्यानं आठ लेव्हलचा, धाकट्यानं बत्तीसांचा. पुन्हा बसाल तेव्हा कोणता डाव मांडलाय ते आधी बोलून घ्या, म्हणजे भांडण होणार नाही.’’ एवढे सांगून त्यांनी खिडकीकडे बोट दाखवावे. ऊन उतरलेले असेल, खाली मुले जमू लागली असतील. ‘‘आणि आता लोण घेऊन या पाहू,’’ असे त्यांनी म्हणावे. पोरांना त्या शब्दाचा अर्थ कदाचित कळणार नाही. तो सांगता सांगता आजोबांनी पडदा मालवावा, आणि खाली अंगणात काठीने पहिली पाटी आखून द्यावी.